आजारपणाचा पैसा कुठून येतो, तिथून सुरुवात करा

मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात, चार गावांच्या दलित वस्त्यांमध्ये तुम्ही तीन बचत गट उभे केले आहेत. त्यातले दोन मोडायच्या बेतात आहेत. बायका म्हणतात, "ताई, बचत कशातून करू? सगळं दवाखान्यात जातं." आरोग्याचं काम आणि बचत गट एकत्र कसे चालवायचे आणि गट फक्त दलित बायकांचा ठेवायचा की गावातल्या सगळ्यांचा, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न अवघड आहे, त्याकडे शेवटी येते.

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली चार-पाच वर्षं मी हे दोन वेगळे विषय धरले होते. मंगळवारी बचतीची बैठक, शुक्रवारी आरोग्याची. ती माझी चूक होती. वस्तीतल्या भूमिहीन घरात हे दोन विषय वेगळे नसतातच. पोराला रात्री धाप लागली, तालुक्याला न्यायचं आहे. जीपचं भाडं हवं, खासगी दवाखान्यात आधी भरायची रक्कम हवी. त्या वेळी पैसे कोण देतं? ज्याच्या शेतात ती रोजाने जाते तो देतो, नाहीतर मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार, देतो. मालकाचे पाच हजार फेडायला मुकादमाकडून उचल, म्हणजे पुढच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घ्यायची. उचल घेतली की दिवाळीनंतर कोयता निघाला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढचे पाच-सहा महिने फडात. पहाटे चारला उठायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, पाळी असो की सातवा महिना असो, सुट्टी नाही, कारण खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, की दंड. पाणी मिळेल ते प्यायचं, आडोसा मिळेल तिथे बसायचं. चैत्रात बाई परत येते ती कंबर धरून, रक्त कमी झालेलं, अंगावरून पांढरं जाणारं दुखणं घेऊन. मग पुन्हा दवाखाना, पुन्हा उचल.

म्हणून माझ्या मते गटाचं पहिलं काम बचत वाढवणं हे नाही. रात्री दहाला पोरगं तापलं तर बाईला मुकादमाच्या दारात जावं लागू नये, हे पहिलं काम. बाकी सगळं, कर्ज, शिवणयंत्र, शेळ्या, पापड-मसाल्याचा धंदा, त्यानंतर.

मोडत्या दोन गटांत पुढच्या बैठकीला हप्ता गोळा करू नका. प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षात घरातला सगळ्यात मोठा अचानक खर्च कोणता झाला? तो पैसा कुणाकडून आणला? उत्तरं तुम्ही लिहू नका, त्यांच्यातल्या शिकलेल्या मुलीला लिहू द्या. सगळ्यांचं सांगून झालं की वही मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मी हे अनेक वस्त्यांत केलं आहे. वाचन संपेपर्यंत बायकांच्या लक्षात येतं की जे त्या आपापल्या घरचं नशीब समजत होत्या ते ओळीने प्रत्येक घरात तसंच घडलेलं आहे, आणि पैसे देणारी नावंही तीच तीन-चार आहेत. त्यानंतर गट कशासाठी हे मला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

मग आजारपणाची पेटी. नेहमीच्या बचतीपासून ती पूर्ण वेगळी ठेवा, एका वहीत दोन्ही हिशेब कधीही मिसळू नका. दर आठवड्याला दहा रुपये. पंधरा बायका असतील तर सहा महिन्यांत जवळपास चार हजार जमतात. रक्कम लहान वाटेल, पण गाडीभाडं, पहिल्या दिवशीची औषधं आणि सोबतच्या माणसाचा चहा-भाकरीचा खर्च त्यात निघतो, आणि मालकाच्या दारात जायला लावणारा पैसा बहुतेक वेळा हाच पहिल्या रात्रीचा असतो. पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी. रात्री-अपरात्री पैसे द्यायला कोणत्याही दोन सदस्यांची संमती पुरे. चौकशी सकाळी. व्याज नाही. परतफेड तीन महिन्यांत, आणि एका वेळी पेटीतल्या निम्म्याहून जास्त रक्कम उचलायची नाही. हे नियम माझे आहेत, तुमच्या बायका वेगळे ठरवतील. ठरवू द्या. एक गोष्ट मात्र सोडू नका: आजारी माणूस कोण आहे यावरून पैसे देण्यात फरक करायचा नाही. सासू, सून, मुलगी, सगळ्या सारख्या. मुलाच्या तापाला पेटी लगेच उघडते आणि सुनेच्या रक्तस्रावाला "उद्या बघू" होतं, हे मी पाहिलेलं आहे. त्याची चर्चा बैठकीत नाव न घेता झालीच पाहिजे.

गट उमेदला, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला, जोडलेला असेल तर गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडे येणाऱ्या जोखीम प्रवणता निधीची माहिती काढा. तो पैसा अशाच आजारपणासाठी, अन्नाच्या अडचणीसाठी असतो. वस्तीतल्या गटांना तो आहे हेच पुष्कळदा सांगितलेलं नसतं.

तुमचे गट मोडण्याचं दुसरं कारण मला अंदाजाने सांगता येईल, आणि ते बायकांच्या इच्छेशी संबंधित नाही. उमेदमध्ये शिकवली जाणारी पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, वर्षभर गावात राहणाऱ्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहे. तिचं वर्ष बारा महिन्यांचं. ऊसतोडीच्या बाईचं गावातलं वर्ष सहा-सात महिन्यांचं. बँक श्रेणी ठरवताना सलग बैठका बघते, आणि कार्तिकापासून गटाची वही कोरी असते. अशा गटाला मग "निष्क्रिय" म्हणतात. निष्क्रिय तो गट नसतो, त्याचं वेळापत्रक चुकीचं असतं. आम्ही काय केलं ते सांगते. गटाच्या ठराव वहीत स्पष्ट ठराव घेतला: हंगामाच्या महिन्यांची बचत दसऱ्याला, उचल हातात पडते तेव्हा आगाऊ भरायची, आणि बैठक गावात राहणाऱ्या सदस्यांनी घ्यायची. म्हाताऱ्या, ओल्या बाळंतिणी, अपंग, अंगणवाडीत मदतनीस असलेली एखादी, अशा तीन-चार तरी मागे राहतात. पदाधिकाऱ्यांपैकी एक जण यांच्यातलीच निवडायची. फडावर गेलेल्या बायका फोनवर बोलतात, एकाच कारखान्यावर तिघी-चौघी असल्या तर तिथेच बसतात. बँकेच्या शाखेत व्यवस्थापकांना हा ठराव घेऊन भेटा, आणि तुमच्यासोबत अध्यक्ष बाईंना बोलू द्या. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. बदली झाली की पुन्हा जावं लागतं.

इथे एक सावधगिरी. आता वस्तीत "बचत गट" म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. मोटारसायकलवर येणारा फायनान्सचा माणूस, दहा-दहा जणींचा ग्रुप, दर आठवड्याचा हप्ता, आणि एकीने थकवला तर बाकीच्यांना तिच्या दारात नेऊन बसवणं. त्यात बचत नावालाही नसते, सगळं कर्ज. व्याज वर्षाला वीस-चोवीस टक्के आणि त्याहून वर. बँकेशी जोडलेल्या स्वयंसहाय्यता गटाला तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळण्याची सोय आहे, हा फरक बायकांना आकडा मांडून दाखवा. वीस हजारांवर वर्षाला किती, खडूने फरशीवर लिहा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की सूक्ष्म कर्जाचे सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. चार-चार फायनान्सचे हप्ते भरणाऱ्या घरात हा नियम कुठे दिसतो? लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यावर येतात आणि त्याच दिवशी हप्त्यात जातात, असं मला कितीतरी जणी सांगतात. तुमच्या तीन गटांतल्या प्रत्येकीच्या डोक्यावर असे किती हप्ते आहेत हे आधी जाणून घ्या. ते न कळता तुम्ही वर आणखी एक कर्ज काढून द्याल आणि त्याला सक्षमीकरण म्हणाल.

मी हे स्वतः केलं आहे. ज्या संस्थेत तेव्हा होते तिथे वसुलीची टक्केवारी महिन्याच्या अहवालात वर जायची आणि माझ्या गटांची वसुली पूर्ण होती. मला त्याचा अभिमान होता. एका बैठकीला एक सदस्य नेहमीसारखी आली, हप्ता भरला, बाजूला बसली. नंतर कळलं की तिची मुलगी चार दिवस तापाने पडून होती आणि दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे तिने हप्त्यात भरले, कारण बाकीच्या चौदा जणींना तोंड कसं दाखवायचं. मुलगी वाचली. पण त्या दिवसापासून मी गटाचं यश वसुलीवर मोजणं बंद केलं.

आता आरोग्याकडे येते. आरोग्य शिबिराने सुरुवात करू नका. शिबिरात तपासणी होते, गोळ्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि वस्ती होती तिथेच राहते. बोलण्याने सुरुवात करा, आणि बायकांच्या शब्दांत. "श्वेतप्रदर" म्हटलं तर कुणी मान वर करणार नाही. "अंगावरून पांढरं जातं का, अंग बाहेर येतं का, लघवीला जळजळतं का" असं विचारलं की आधी हसू येतं, मग एक जण बोलते, मग सगळ्या बोलतात. ही बैठक पुरुषांच्या येण्या-जाण्यापासून दूर घ्या. पहिल्यांदा बोलणारी बहुतेक वेळा वस्तीतली सुईण किंवा एखादी विधवा म्हातारी असते. तिला मान द्या, तिच्या शब्दाला वस्तीत वजन असतं.

पहिला विषय रक्ताचा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, देशात ५७ टक्क्यांना. निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असतात आणि "आपला देहच असा" असं धरून चालतात. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमी, गरोदरपणी अकरापेक्षा कमी, आणि सातच्या खाली गेलं तर उशीर न करता मोठ्या दवाखान्यात. हे तीन आकडे गटातल्या प्रत्येक बाईला पाठ असले पाहिजेत, हप्त्याच्या तारखेइतके पाठ. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात आणि उतरंडीत पडून राहतात, त्यालाही कारणं आहेत. मळमळतं, शौचाला काळी होते, आणि "गोळ्यांनी पोटातलं पोर मोठं होतं, बाळंतपण जड जातं" ही भीती. काळी शौच होणारच, तो लोहाचा रंग आहे, हे एकदा सांगितलं की अर्धी भीती जाते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळ जास्त असेल तर रात्री झोपताना. दोन शेजारणींची जोडी लावून द्या, एकीने दुसरीची आठवण ठेवायची. मात्र कुणाचा आकडा किती हे तिच्या परवानगीशिवाय बैठकीत वाचायचं नाही. सुनेचं रक्त कमी आहे हे सासूने भर बैठकीत ऐकलं की घरी त्याचं भांडण होतं.

दुसरा विषय पिशवीचा. तुमच्या पट्ट्यात हा टाळून चालणारच नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळशा तिशी-पस्तिशीतल्या. पांढरं जातंय म्हणून गेली, "कॅन्सर होईल" म्हणून भीती घातली, उचलीतून पैसे भरले, पिशवी काढली. पाळीचा त्रास नको, खाडा नको, हाही हिशेब त्यात होता, आणि तो बाईने एकटीने केलेला नव्हता. त्यानंतर खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम जिल्ह्यात झाला. तुमच्या गटात एक साधा ठराव घ्या: कुणाही सदस्याला डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली तर गटातल्या दोघी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जातील, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतील, मगच निर्णय. बहुतेक पांढरं जाणं औषधाने बरं होतं, आणि काही संसर्गांत ते औषध नवऱ्यानेही घ्यावं लागतं. नवऱ्याला कोण सांगणार? आमच्याकडे गटातल्या म्हाताऱ्या सांगायच्या. त्यांना कुणी उलटून बोलत नाही.

सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा एकट्या बाईला पाठवू नका. पाच-सहा जणी मिळून जा. मोडतोड करायला किंवा घोषणा द्यायला नाही, केसपेपर काढायला. खिडकी कुठे, नंबर कसा लागतो, औषध कुठून घ्यायचं, हे पायाखालचं झालं पाहिजे. तिथे "तुम्ही लोक अंघोळ करून येत जा" असं काही ऐकायला मिळालं तर त्या जागी भांडू नका, पण तारीख, वेळ, बोललेले शब्द परतल्यावर वहीत लिहा. अशा तीन नोंदी झाल्या की वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर शांतपणे वही ठेवा. मी हे केलं आहे. बहुतेक डॉक्टरांना आपल्या केंद्रात काय बोललं जातं याची कल्पनाच नसते आणि पुढच्या आठवड्यात फरक दिसतो. जातीवरून दवाखान्यात येण्यापासूनच कुणी अडवलं, तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीत रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा बायकांना माहीत असावा. वापरायचा की नाही हे त्यांनी ठरवावं, आपण नाही. तक्रारीनंतर रोजगार बंद होतो तो त्यांचा, तुमचा-माझा नाही. तशी वेळ आली तर सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही त्याच कायद्यात गुन्हा आहे हे सांगा, आणि दोन महिने चूल चालेल एवढी तजवीज आधी करा.

योजनांबद्दल थोडक्यात. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या अनुसूचित जातीच्या बाईला ७०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६०००. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर आणि शस्त्रक्रियांवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार. हे सगळं कागदावर अडतं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं. जातीचा दाखला नवऱ्याच्या नावाचा. रेशन कार्डात सून अजून घातलेलीच नाही. म्हणून गटाने वर्षातून दोन बैठका फक्त कागदांसाठी ठेवाव्यात, ऊसतोडीला निघण्याआधी एक आणि परतल्यावर एक. गरोदर बाई फडावर जात असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच हातात द्या, नवऱ्याच्या खिशात नको.

आता अधिकाराच्या जागा. माझ्या मते सगळ्यात जास्त बदल इथून होतो आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. ती गावठाणातली असली तर वस्तीत शेवटी येते, कधी येतच नाही. अनेक आशा मन लावून काम करतात, त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण वस्तीतली मुलगी आशा झाली की गावातल्या सगळ्या घरांना गोळी घ्यायला, बाळाचं वजन करायला तिच्या हाताशी यावं लागतं. जागा रिकामी झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण तेव्हा आपल्याकडे दहावी झालेली उमेदवारच नसते. आत्तापासून तयारी करा. सातवी-आठवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन आलेली हुशार सून हेरा, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून तिला दहावीला बसवा, फीचे पैसे गटाने द्यावेत. आम्ही एका गावात हे केलं तेव्हा निकालापर्यंत दोन वर्षं गेली आणि जागा निघायला आणखी दीड वर्ष. ती आज त्या गावची आशा आहे.

त्याचबरोबर गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती बघा. तिच्याकडे दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा. समितीत तुमच्या गटातली एक तरी बाई नावापुरती नव्हे तर सहीचा अधिकार असलेली असली पाहिजे. वस्तीतली गटारं, हातपंप, संडास यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. तो पैसा कुठल्या कामाला गेला हे ग्रामसभेत विचारायची सवय लागली की बायकांचं आरोग्य आमच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सुधारतं. वेशीवर उभ्या केलेल्या कमानीपेक्षा नळाची तोटी महत्त्वाची, हे त्या स्वतःच सांगतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वेगळा गट की मिश्र. मी दोन्ही करून पाहिलं आहे. सुरुवात वस्तीतल्या वेगळ्या गटाने करा. मिश्र गटात पहिल्या वर्षी दलित बाई दाराजवळ बसते, हिशेब दुसरी ठेवते, आणि कर्जाच्या यादीत तिचं नाव खाली असतं. हे कुणी मुद्दाम करतं असं नाही, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आधी आपल्या गटात बोलायची, वही सांभाळायची, बँकेत सही करायची सवय होऊ द्या. पण तिथे थांबू नका. ग्रामसंघात जायचंच, आणि पदावर जायचं. ग्रामसंघाची बैठक देवळाच्या सभामंडपात असेल आणि आपल्या बायका खालच्या पायरीवर बसत असतील तर जागा फिरती ठेवण्याचा ठराव मांडा: एकदा अंगणवाडीत, एकदा शाळेत, एकदा वस्तीतल्या समाजमंदिरात. समाजमंदिरातल्या बैठकीला कोण येतं आणि चहा कोण घेतं, यावरून गाव कुठे आहे ते कळतं. एका गावात पहिल्या वेळी तिघीच आल्या आणि उपास सांगून चहा नाकारला. आठ महिन्यांनी त्यातलीच एक कप विसळायला उठली.

"दलित बायका" हा शब्दही आत शिरून बघा. एकाच वस्तीत बौद्ध, मातंग आणि चर्मकार घरं असतात आणि त्यांच्यात रोटी-बेटीचं अंतर असतं. शिकलेल्या बौद्ध बायका पुढे होतात, मातंग बायका मागे राहतात, असं तुमच्या गटात होत असेल तर ते दिसूनही न दिसल्यासारखं करू नका. पदं दरवर्षी फिरवा आणि पेटीची किल्ली कधीच सलग दोन वर्षं एका आळीत ठेवू नका.

गावाने वस्तीकडे यावं हे घडवून आणता येतं, याचं उदाहरण तुमच्या जवळच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या अल्पशिक्षित, पुष्कळदा दलित बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं, बाळंतपणं आणि बालकांची काळजी त्यांच्या हाती दिली. आणि दुष्काळात कूपनलिका घेताना त्यांनी त्या दलित वस्तीत घ्यायची युक्ती केली. पाणी हवं तर गावाला तिथे येणं भागच. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्या पुरस्कारापेक्षा ती कूपनलिकेची जागा जास्त शिकवून जाते. तुमच्याकडे उपकेंद्राचं लसीकरण गावठाणात होत असेल तर महिन्याआड ते समाजमंदिरात घ्यावं अशी लेखी मागणी गटाकडून जाऊ द्या. गावातली लेकरं तिथे यायला लागतील.

तीन जानेवारीला सगळे गट सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात आणि शाळेची गोष्ट सांगतात. तुम्ही प्लेगची गोष्टही सांगा. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वस्तीतल्या बायकांना ही गोष्ट मी सांगते तेव्हा पुढे काही बोलावं लागत नाही.

नवऱ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. पेटीला हात लावू पाहणारा पहिला माणूस गावातला नसतो, घरातलाच असतो. दारूसाठी मारहाण करून बायकोकडून किल्ली मागितल्याचा प्रसंग आमच्याकडे दोनदा घडला. म्हणूनच किल्ली आणि पेटी वेगवेगळ्या घरी, आणि रकमेची माहिती फक्त बैठकीत. मारहाणीची बाब गटाने "घरगुती" म्हणून सोडली तर पुढच्या वेळी ती बाई बैठकीलाच येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जणी तिच्या अंगणात जाऊन नुसत्या बसल्या तरी पुष्कळ काम होतं. तेवढ्याने भागलं नाही तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज, तोही गटाच्या शिक्क्यासह.

तुमच्या मोडत्या गटांपैकी एका गटाच्या सचिव बाई "आधी दवाखान्याचं बघा, बचतीचं मग" असं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलं आहे. पुढची बैठक त्यांनाच ठरवू द्या, आणि ती नर्सबाईंच्या लसीकरणाच्या दिवसाला जोडून घ्या, म्हणजे बायकांचा एक रोज बुडणार नाही. वही, खडू आणि ते दोन प्रश्न घेऊन जा. हप्त्याची पावती पुस्तकं घरी ठेवा.